खिडकीतला वाटा

नवी मुंबईतल्या नेरुळच्या पश्चिमेला पाम बीच मार्गालगत उभ्या असलेल्या इमारतींमध्ये एकाच मजल्यावरच्या, एकाच क्षेत्रफळाच्या दोन घरांची किंमत सारखी नसते. एका घराच्या हॉलमधून ठाण्याची खाडी, तिच्या काठची तिवरांची दाट पट्टी आणि हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी दिसतात. दुसऱ्या घरातून समोरच्या इमारतीची मागची भिंत, तिच्यावरून उतरणारे सांडपाण्याचे पाइप आणि एसीची यंत्रे दिसतात. पहिल्या घराला जाहिरातीत ‘क्रीक व्ह्यू’ म्हणतात आणि त्या दोन शब्दांचे वेगळे पैसे मोजावे लागतात. खिडकीतून काय दिसते याला मोल आहे, हे बाजाराने असे केव्हाच मान्य केले आहे. मला त्याच्या पुढचे एक पाऊल टाकायचे आहे. खिडकीतले झाड आणि पाणी यांचा माणसाच्या प्रकृतीशी संबंध आहे, याचे पुरावे गेल्या चाळीसएक वर्षांत जमा झाले आहेत. ते पुरावे नीट वाचले तर असे दिसते, की या दृश्याची सर्वांत जास्त गरज दिवसाचा सर्वाधिक वेळ घरात काढणाऱ्यांना असते. आपली शहरे आणि आपल्या घरांचे नकाशे मात्र ते दृश्य नेमके त्यांच्याच वाट्याला सर्वांत कमी येऊ देतात.

हा विचार करायला सारसोळ्याइतके योग्य ठिकाण शोधून सापडणार नाही. आज हे आगरी-कोळ्यांचे गाव नेरुळच्या सेक्टर ६ मध्ये, चहूबाजूंनी नियोजित शहराने वेढलेले आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. त्यांत भातशेते होती, मिठागरे होती, भरतीचे पाणी आत घेणारी खाजणे होती. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या १९८४ च्या जानेवारीतल्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले आणि त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. जमिनीच्या या हिशेबात क्षेत्रफळ आले, दर आला, वारस आले. गावाच्या दारातून खाडीपर्यंत जाणारी मोकळी नजर कुठल्याच कागदावर नव्हती, त्यामुळे ती गेल्याची नोंदही झाली नाही. आता गाव आणि खाडी यांच्यामध्ये इमारती आहेत आणि भरधाव वाहनांचा पाम बीच मार्ग आहे. त्याच्या पलीकडे सारसोळ्याची जेट्टी आहे. होडी घेऊन निघायचे तर कोळ्याला आधी हा रस्ता ओलांडावा लागतो. कुटुंबे वाढली तशी गावठाणात एकाला एक लागून घरे चढत गेली. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ या नावाने ती सरकारदरबारी ओळखली जातात. म्हणून इथे दोन टोकांच्या खिडक्या जवळजवळ आहेत: एकीला क्षितिजापर्यंत खाडी, दुसरीला हातभर अंतरावर शेजाऱ्याची भिंत.

या विषयाची शास्त्रीय चर्चा जिथून सुरू होते तो अभ्यास रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका उपनगरी रुग्णालयात पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी त्यांनी तपासल्या. रुग्णालयाच्या एकाच विंगमध्ये काही खोल्यांच्या खिडक्यांतून झाडांचा पुंजका दिसत होता आणि बाकीच्या खोल्यांतून तपकिरी विटांची सपाट भिंत. खोल्या जवळपास सारख्या होत्या, परिचारिका त्याच होत्या. वय, लिंग, वजन, धूम्रपान अशा बाबी जुळवून उलरिच यांनी २३ जोड्या लावल्या, म्हणजे ४६ रुग्ण. झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांनी घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांनी. ‘अस्वस्थ आहे’, ‘रडते आहे’, ‘धीर द्यावा लागतो’ अशा अर्थाच्या परिचारिकांच्या नोंदी पहिल्या गटात दर रुग्णामागे साधारण एक, तर दुसऱ्यात साधारण चार होत्या. झाडे दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. साध्या गोळ्यांवर त्यांचे भागले. पाऊण दिवसाचा फरक किरकोळ वाटेल, पण तो कोणत्याही औषधाशिवाय, उपचारात काहीही न बदलता पडलेला होता.

या अभ्यासाचे कौतुक इतके झाले आहे की त्याच्या मर्यादा सांगणे आवश्यक ठरते. ४६ हा आकडा लहान आहे. रुग्णालयातला माणूस आणि घरातला माणूस एक नव्हे. तुलना झाडे आणि सपाट भिंत यांच्यात होती, झाडे आणि गजबजलेला रस्ता यांच्यात नव्हती. एकाच अभ्यासावर इतके मोठे विधान उभे राहिले असते तर ते मी इथे मांडले नसते. पण वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या जागी, वेगळ्या रीतीने पाहिले तेव्हाही कल तोच निघाला. अर्नेस्ट मूर यांनी १९८१ मध्ये मिशिगनमधल्या एका तुरुंगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरच्या शेतांकडे तोंड असलेल्या कोठड्यांतल्या कैद्यांपेक्षा आतल्या अंगणाकडे तोंड असलेले कैदी आजारपणाच्या तक्रारी घेऊन जास्त वेळा दवाखान्यात जात होते. इलिनॉयमधल्या पाच शाळांत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ली आणि सलिव्हन यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना तीन प्रकारच्या वर्गांत बसवले होते: खिडकी नसलेल्या, इमारती दिसणाऱ्या आणि हिरवळ दिसणाऱ्या. थकवणारे काम दिल्यानंतर जी थोडी विश्रांती मिळाली, तिच्यात हिरवळ दिसणाऱ्या मुलांचे अवधान आणि ताणाची शारीरिक लक्षणे बाकीच्यांपेक्षा अधिक सुधारली. नुसती खिडकी असून तेवढे भागले नाही, हे त्यातले विशेष.

असे का होत असावे? याची दोन उत्तरे दिली जातात आणि माझ्या मते ती एकमेकांच्या विरोधात नाहीत. उलरिच यांचे म्हणणे शरीराचे आहे. त्यांनी १९९१ मध्ये १२० जणांना आधी अपघातांचा अस्वस्थ करणारा चित्रपट दाखवला आणि मग काहींना निसर्गाची, काहींना रस्त्यांची व बाजाराची दृश्ये दाखवली. निसर्ग पाहणाऱ्यांच्या हृदयाची गती, स्नायूंचा ताण, त्वचेतला घाम हे सारे काही मिनिटांतच अधिक वेगाने पूर्वपदावर आले. दुसरे उत्तर रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याचे. हिशेब करणे, गर्दीतून गाडी काढणे, मुलाचा अभ्यास घेणे अशा कामांत आपण अवधान ओढून धरतो आणि ते थकते. हलणारी पाने, पाण्यावरचा उजेड, उडणारा बगळा यांच्याकडे मन आपण होऊन जाते, त्याला ओढावे लागत नाही. तेवढ्यात थकलेले अवधान सावरते. यासाठी तासभर खिडकीत बसावे लागत नाही. भाजी चिरताना मान वर करून टाकलेले दोनचार कटाक्ष पुरतात, फक्त मान वर केल्यावर काहीतरी दिसायला हवे.

सर्वांत गंभीर आक्षेप श्रीमंतीचा आहे. ज्यांना चांगले दृश्य असलेले घर परवडते त्यांना चांगला आहार, चांगला डॉक्टर आणि निवांत झोपही परवडते. मग त्यांची प्रकृती बरी असण्याचे श्रेय झाडांना का द्यावे? पाम बीचच्या मनोऱ्यांतल्या रहिवाशांची गावठाणातल्या रहिवाशांशी तुलना करून कोणी निष्कर्ष काढला, तर तो याच कारणाने फेटाळावा लागेल. याचे उत्तर शिकागोच्या रॉबर्ट टेलर होम्समध्ये सापडते. ही अतिगरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी बांधलेली सोळा मजली सरकारी घरे होती. सगळ्या इमारती एकसारख्या. काहींच्या पुढची झाडे टिकली होती, काहींच्या पुढे देखभालीच्या सोयीसाठी सगळे फरसबंद केलेले होते. कोणते कुटुंब कोणत्या इमारतीत जाईल हे गृहनिर्माण प्राधिकरण ठरवत असे, भाडेकरूला निवडीला जवळजवळ वाव नव्हता. फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सलिव्हन यांनी तिथल्या १४५ स्त्रियांचा अभ्यास केला. झाडे असलेल्या इमारतींतल्या स्त्रियांचे अवधान चाचणीत सरस निघाले आणि घरातल्या भांडणांत संताप व मारहाण यांचे प्रमाण कमी आढळले. उत्पन्न तेच, घर तेच, वस्ती तीच, फरक झाडांचा. गरिबीने पिचलेल्या बाईला झाडाने श्रीमंत केले नाही. तिच्या सहनशक्तीत थोडी भर मात्र टाकली, आणि पिचलेल्या माणसाला ती थोडी भरच लाखमोलाची असते.

त्याच वस्तीत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासाचा निष्कर्ष मला सर्वांत बोलका वाटतो. आंद्रेया टेलर, कुओ आणि सलिव्हन यांनी १६९ मुलामुलींची एकाग्रता, मोह आवरण्याची शक्ती आणि तात्काळ सुख लांबवण्याची तयारी तपासली. घराच्या खिडकीतून जितके अधिक निसर्गदृश्य, तितका मुलींचा आत्मसंयम चांगला. मुलांमध्ये मात्र असा काहीच संबंध दिसला नाही. कोणी म्हणेल की मुलांच्या बाबतीत हे तत्त्व फसले. संशोधकांनी सुचवलेले कारण अधिक पटणारे आहे: मुलगे घरापासून लांब जाऊन खेळत, त्यामुळे घराच्या खिडकीत काय आहे याने त्यांना फारसा फरक पडत नसावा. मुली घरात किंवा घराजवळ असत. हा तर्क बरोबर असेल, तर खिडकीचा परिणाम तिच्याजवळ किती वेळ जातो यावर ठरतो.

आता हाच तर्क आपल्या घरात आणून पाहू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार भारतात सहा वर्षांवरील ८१.२ टक्के स्त्रिया घरची बिनपगारी कामे करतात आणि ती करणारी स्त्री त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के आणि ९७ मिनिटे आहे. पाच तासांचे हे काम मुख्यतः स्वयंपाकघराभोवती फिरते. आणि नवी मुंबईतल्या, किंबहुना महामुंबईतल्या कोणत्याही ठराविक सदनिकेचा नकाशा उघडला, तर खाडी किंवा बाग दिसणारी बाजू हॉलला आणि मोठ्या बेडरूमला दिलेली आढळते. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये किंवा ड्राय बाल्कनीत उघडते, जिथे कपड्यांचे दोर, गीझरचा धूर आणि शेजारच्या स्वयंपाकघराची तशीच खिडकी असते. खाडीसाठी जास्तीचे पैसे मोजलेले हॉल सकाळी नऊ ते संध्याकाळी सात ओस पडतात, आणि त्याच घरातली बाई, कामाला येणारी मावशी, मागच्या छोट्या खोलीत झोपून असलेली सासू यांच्यासमोर भिंत असते. दृश्य विकत घेणाऱ्या कुटुंबातही त्याची वाटणी अशी होते. याचा दोष मी कुटुंबांना देत नाही. हा नकाशाचा दोष आहे, आणि नकाशा बदलता येतो. पाण्याच्या आणि गॅसच्या नळांची सोय स्वयंपाकघर डक्टला लावल्याने स्वस्तात होते हे खरे. पण नळांसाठी डक्ट लागतो म्हणून ओट्यासमोरची खिडकीही त्यातच उघडली पाहिजे, असे कुठे आहे?

दुसरा आक्षेप असा, की लोकांना आधी उजेड आणि हवा मिळू द्या, झाडाबिडांचे मग पाहू. यात तथ्य आहे, आणि मुंबईत ते फार क्रूर रीतीने सिद्ध झाले आहे. मानखुर्द-गोवंडीतल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या चिकटून बांधल्या आहेत, की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या पाहणीत तिथे क्षयरोगाचे प्रमाण तुलनेने मोकळ्या पीएमजी वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त आढळले, आणि तेही अंधाऱ्या खालच्या मजल्यांवर अधिक. हे २०१८ साली पुढे आले. क्षयाच्या जंतूसमोर गुलमोहराची महती सांगणे कोणालाही शोभणार नाही. पण उजेड आणि निसर्ग यांत निवड करायची वेळ प्रत्यक्षात क्वचित येते. दोन इमारतींमध्ये झाड वाढू शकेल एवढे अंतर ठेवले, की उजेड आणि वारा त्या अंतरातून आपोआप येतात. उलट, नियमावलीतल्या प्रमाणात खिडकी दिली आणि तिच्यापुढे चार हातांवर भिंत उभी केली, तर नियम पाळला जातो आणि तिन्ही गोष्टी जातात. बांधकामाचे नियम खोलीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात खिडकी किती मोठी असावी ते सांगतात. तिच्यातून काय दिसावे याबद्दल ते जवळजवळ मुके आहेत.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा, आणि तो मला मनापासून आवडतो. आपल्या माणसाला झाडापेक्षा माणसे पाहायला आवडतात. चाळीच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभे राहण्यात, गावात ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करण्यात जे सुख आहे, ते निर्जन हिरवळीत नाही. पूर्वीच्या घरांत खिडकी मुख्यतः वाऱ्यासाठी असे, बाहेर पाहायला ओटी आणि पडवी होती. हे सारे मान्य करायला हवे. उलरिच यांनी स्वतःच त्या पहिल्या लेखात सावध केले होते, की दीर्घ काळ पडून राहून कंटाळलेल्या रुग्णाला कदाचित गजबजलेला रस्ताच अधिक बरे करील. एकटेपण हा म्हातारपणातला मोठा आजार आहे आणि त्यावर औषध माणसांचा वावर हेच. पण ओटीवरून पूर्वी दिसे तो रस्ता आणि आजच्या दुसऱ्या मजल्यावरून दिसणारी पार्किंगची रांग यांत फरक आहे. गावातल्या ओटीसमोर माणसे होती आणि त्यांच्यामागे झाडही होते. वड-पिंपळाचा पार, देवळापुढचे अंगण, विहिरीभोवतीची सावली या सगळ्यांत माणसांचे दृश्य आणि झाडाचे दृश्य कधी वेगळे काढलेलेच नव्हते. गजबज हवी म्हणून झाड नको, असा पेच आपल्या परंपरेत नाही.

सारसोळ्याच्या कोळ्याचा आक्षेप याहून खोल आहे. त्याच्यासाठी खाडी हे दृश्य नव्हेच, ते काम आहे. पाण्याचा रंग आणि वाऱ्याची दिशा पाहून तो होडी काढायची की नाही ते ठरवतो. उधाण आहे की भांग, यावर जाळे कधी लावायचे ते ठरते. चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या कुठे मिळतील हे ओहोटी सांगते. अशा माणसाला ‘निसर्गाकडे पाहून मनाला शांती मिळते’ असे सांगणे उद्धटपणाचे होईल. पण म्हणूनच त्याच्या घरातून खाडी दिसेनाशी होणे हे अधिक मोठे नुकसान आहे. फिरायला येणाऱ्या माणसाची फक्त प्रसन्नता जाते. कोळ्याच्या घरातून त्याबरोबर रोजच्या कामाची माहिती जाते, आणि जेट्टीवर न जाणाऱ्या मुलाबाळांना भरती-ओहोटीची भाषा बसल्याजागी शिकण्याची सोयही जाते. आरोग्याच्या अभ्यासांत हे नुकसान मोजायला अजून रकाना नाही.

डासांचे काय, हा प्रश्न नेरुळमध्ये कुठल्याही सोसायटीच्या बैठकीत हमखास निघतो. तिवरांमुळे डास होतात, म्हणून तिवरे तोडा, अशी मागणी पुन्हापुन्हा होते. साचलेल्या खाऱ्या पाण्यात काही जातींचे डास वाढतात हे खरे आहे. पण शहरी मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलिस स्टेफेन्साय आणि डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती हे दोघेही प्रामुख्याने आपण साठवलेल्या पाण्यात अंडी घालतात: गच्चीवरची उघडी टाकी, पिंप, कुंडीखालची बशी, बांधकामावरचे तुंबलेले पाणी. भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा धुऊन निघणारे कांदळवन त्यांचे आवडते घर नाही. भरतीचा मार्ग बुजवला, कचरा टाकला, की तिथेही पाणी सडते आणि डास होतात. तो दोष बुजवणाऱ्याचा. शिवाय खिडकीला जाळी लावल्याने डास अडतो, दृश्य अडत नाही.

सवयीचा आक्षेप थोडक्यात निपटता येतो. रोज दिसणारे झाड दिसेनासे होते, असे म्हणतात. शिकागोतल्या बायका त्या झाडांसमोर महिनोन् महिने, वर्षानुवर्षे राहत होत्या आणि तरीही फरक टिकला होता. मग भिंतीवर मोठा टीव्ही लावून त्यात जंगल दाखवले तर? पीटर कान आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेमके हेच तपासले. ९० जणांपैकी काहींना हिरवळ दिसणारी खरी खिडकी दिली, काहींना त्याच दृश्याचे थेट चित्रण दाखवणारा उत्तम पडदा, काहींना कोरी भिंत. हलक्या ताणानंतर हृदयाची गती खऱ्या खिडकीसमोर सर्वांत लवकर निवळली. पडदा आणि कोरी भिंत यांत या बाबतीत फरक आढळला नाही.

नेरुळपुढे झाडांबरोबर पाणी आहे, आणि पाण्याविषयीचे पुरावे वेगळे वाचावे लागतात. न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरातून समुद्र जितका अधिक दिसतो तितका मानसिक ताण कमी आढळला, हिरवाईच्या दृश्याचा मात्र तसा संबंध दिसला नाही. उलट टोकियोत जून २०२० मध्ये, महासाथीच्या दिवसांत, ३,००० रहिवाशांच्या पाहणीत खिडकीतून हिरवाई दिसणाऱ्यांत नैराश्य, चिंता आणि एकटेपण कमी, तर आत्मसन्मान आणि समाधान अधिक निघाले. या दोन निष्कर्षांतली विसंगती लपवण्यात अर्थ नाही. मला वाटते, कोणत्या शहरात काय दुर्मीळ आहे यावर पुष्कळ अवलंबून असावे. ठाणे खाडीच्या काठी मात्र पाणी, तिवरे आणि पक्षी एकाच चौकटीत येतात. २०२० च्या टाळेबंदीत नेरुळच्या पाणथळीतल्या रोहित पक्ष्यांच्या गुलाबी थव्यांची छायाचित्रे जगभर पोचली, पण हे पक्षी त्याआधीही दर हिवाळ्यात येत होते आणि आजही येतात. ज्यांच्या खिडक्या त्या बाजूला होत्या त्यांना त्या बंद दिवसांत घराबाहेर पाऊल न टाकता ते दिसले. बाकीच्यांनी ते मोबाइलवर पाहिले.

आणि हे दृश्य टिकले ते कोणामुळे? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर कांदळवन तोडण्यावर बंदी घातली. २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१५ मध्ये खाडीचे १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला. या सगळ्या सार्वजनिक निर्णयांचा एक परिणाम असा, की खाडीकाठच्या मनोऱ्यासमोर आता दुसरा मनोरा उभा राहण्याची भीती फारशी उरलेली नाही. ‘क्रीक व्ह्यू’ला जो दर मिळतो त्यामागे ही हमी आहे, आणि ती कायद्याने, म्हणजे सर्वांच्या खर्चाने, दिलेली आहे. त्याआधी त्या खाजणांची राखण गावांनी केली होती. तरीही त्या दृश्याचा सगळा पैसा भूखंडाच्या मालकाकडे आणि बिल्डरकडे जातो. ज्यांनी जमीन दिली त्यांच्या वाट्याला मनोऱ्याची पाठ येते.

खाडी सर्वांना दाखवता येणार नाही, हे उघड आहे. झाड मात्र दाखवता येते. डच वनतज्ज्ञ सेसिल कोनायनेंडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेला ‘३-३०-३००’ हा नियम त्यासाठी उपयोगी आहे: प्रत्येक घरातून किमान ३ मोठी झाडे दिसावीत, वस्तीचा ३० टक्के भाग झाडांच्या छत्राखाली असावा आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. बार्सिलोनात तपासले तेव्हा या तिन्ही कसोट्यांत बसणारे रहिवासी शंभरात पाचही निघाले नाहीत, तेव्हा आपण एकटेच मागे आहोत असे नाही. नवी मुंबईच्या जुन्या सेक्टरांत मात्र पहिली कसोटी नकळत साधून गेलेली आहे. सिडकोच्या चार मजली इमारतींपुढे रेन ट्री, गुलमोहर, सोनमोहर, बदाम वाढले आणि त्यांचे शेंडे वरच्या खिडक्यांपर्यंत पोचले. आता याच इमारतींचा पुनर्विकास होतो आहे. घरे गळतात, प्लास्टर कोसळते, त्यामुळे तो व्हायला हवा. पण नव्या योजनेत भूखंडाच्या कडेपर्यंत पोडियम येतो, त्याच्यावर हातभर मातीत पाम आणि शोभेची झुडपे लावतात, आणि जुनी झाडे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीने तोडून त्यांच्या बदल्यात दुसरीकडे रोपे लावली जातात. हिशेबात झाडांची संख्या वाढलेली दिसते. दुसरीकडे लावलेले रोप मात्र या खिडकीत दिसत नाही, आणि इथल्या सत्तर वर्षांच्या बाईच्या हयातीत ते मोठेही होणार नाही. म्हणून भरपाईची मोजणी झाडांच्या संख्येने करण्याऐवजी किती घरांतून झाड दिसत होते आणि आता किती घरांतून दिसेल, या आकड्याने व्हावी असे माझे म्हणणे आहे. आज संगणकावर नकाशा बनतोच. प्रत्येक खिडकीतून काय दिसेल हे काढणे वास्तुविशारदाला अवघड नाही. मोठ्या झाडांसाठी पोडियमखाली न येणारी खऱ्या जमिनीची एक पट्टी राखली, तर किमान खालच्या सहासात मजल्यांना झाड मिळेल. वरच्यांना आकाश आणि लांबचे दृश्य मिळतेच.

राहिले गावठाण, आणि तिथे हे सर्वांत कठीण आहे. एकमेकांना टेकलेल्या घरांमध्ये तीन झाडे कुठे लावणार? गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याच्या आणि गावठाणांच्या समूह विकासाच्या चर्चा वर्षानुवर्षे चालू आहेत आणि त्यांत चटईक्षेत्र, मालकी हक्क, वाढीव घरे यांवर भर असतो. ते स्वाभाविक आहे, लोकांच्या डोक्यावरच्या छपराचा प्रश्न आहे. पण सारसोळ्यासारख्या गावाची पुनर्रचना खरोखर झालीच, तर तिच्यात रस्ते नव्याने आखावेच लागतील. रस्ता कुठल्या दिशेने काढायचा याला जास्तीची जमीन लागत नाही. गल्ल्या पूर्व-पश्चिम, म्हणजे खाडीच्या रोखाने काढल्या, पश्चिमेच्या टोकाला त्या इमारतीने न बुजवता मोकळ्या सोडल्या आणि त्यांच्या कडेला आंबा, वड, करंज लावले, तर गल्लीच्या दोन्ही अंगांच्या घरांना झाड दिसेल. वरच्या मजल्यांवरून तिरपे पाहिले तर तिवरांचा माथाही नजरेत येईल, आणि वारा खाडीवरूनच येत असल्याने तोही त्याच वाटेने आत येईल. स्वयंपाकघर गल्लीच्या बाजूला घ्यायचे की डक्टच्या, हे त्यानंतर ठरवायचे, आणि ते ठरवताना त्यात रोज पाच तास उभ्या राहणाऱ्या बाईला नकाशा दाखवायचा.